शेंदराच्या पाच टिकल्या

या, असे जवळ सरका. मागं भिंतीशी टेकू नका, तिथं पंख्याच्या घरघरीत शब्द हरवतात. कीर्तनाला बसता तसे मांडी घालून बसा, हाती टाळ नसले तरी चालेल. मला निरूपण येत नाही. जन्मभर मी ऐकणारा माणूस. पण एक गोष्ट माझ्यापाशी राहून गेली आहे, आणि मी नाही सांगितली तर ती कुणीच सांगणार नाही. एका गाडीच्या ब्रेकची आहे, आणि एका बाईच्या बोटांची. शेवटापर्यंत बसा, एवढंच मागणं.

मी रुपचंद. पाचोऱ्यापासून पाच-सहा किलोमीटरवर आमचं खेडं. पिठाची गिरणी आणि गावाबाहेर थोडासा मळा, एवढा माझा पसारा. कौतिक माझा शाळेपासूनचा सोबती. दोघांनी एकाच एकादशीला गळ्यात तुळशीची माळ घातली. त्याच्याकडे एक पांढरी जीप होती, जुनी पण राखलेली. पंचक्रोशीत कुठं कीर्तन असलं की आम्ही सहा-सात टाळकरी मागं कोंबून बसायचो, मृदंग मांडीवर, आणि पुढच्या सीटवर कौतिकची बायको पुष्पाबाई. कौतिकला एक खोड होती. गाडी चालवताना तो गुणगुणायचा, स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरायचा, आणि चाल रंगली की क्षणभर डोळे मिटायचा. मग पुष्पाबाई म्हणायची, "गाडी तुम्ही हाका, रस्ता मी देखस. तुमना डोयाना काही भरोसा नही." आम्ही मागं खो खो हसायचो.

दसऱ्याला आपल्याकडे गाड्या धुतात, हार घालतात. पुष्पाबाईचं तेवढ्यावर भागत नसे. ती जीपचं बॉनेट उघडायला लावायची. "गाडीना जीव मझार ऱ्हास. वरना पत्राले काय ओवाळनं?" म्हणायची. शेंदूर तेलात कालवून ती बॅटरीला लावी, इंजिनाला लावी, आणि शेवटी ब्रेकच्या मास्टर सिलिंडरला. ब्रेकच्या तेलाची डबी ज्याच्या डोक्यावर बसलेली असते तो मुठीएवढा लोखंडी भाग. पायानं ब्रेक दाबला की तोच चारी चाकांकडे जोर धाडतो. त्याच्यावर पाच टिकल्या. चार बोटानं, चौकोनात, आणि मधली अंगठ्यानं दाबून. "चार चाकं, अन् मधला मालक." त्या वर्षी मेघा, त्यांची एकुलती मुलगी, लग्नानंतर पहिल्यांदा दसऱ्याला धुळ्याहून आली होती. शेंदराची वाटी तिच्याच हातात होती. मी आपट्याची पानं द्यायला गेलो तेव्हा माय-लेकी बॉनेटमध्ये वाकलेल्या होत्या.

दिवाळी झाली आणि ब्रेक बसका लागायला लागला. दोनदा पाय मारावा तेव्हा गाडी थांबायची. कौतिकनं जीप जळगावला लीलाधरच्या गॅरेजवर नेली. लीलाधर आपल्यातलाच, माळकरी. सप्ताहात एक पंगत त्याची ठरलेली. दुसऱ्या दिवशी गाडी आणायला मी सोबत गेलो होतो. बिलावर लिहिलेलं होतं, मास्टर सिलिंडर नवीन टाकला. निघताना पुष्पाबाईनं बजावलं होतं, काढलेला जुना पार्ट मागून घ्या. कौतिकनं मागितला.

लीलाधर हसला. "कौतिकभाऊ, जुन्या लोखंडाचं काय लोणचं घालता का?"

"तसं नही, घरनी सांगेल शे..."

मग लीलाधरनं गळ्यातली माळ चिमटीत धरली. "ही घालून मी खोटं बोलेन का? तुम्हीच सांगा."

कौतिक ओशाळला. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्यात माळकरी भेटला की लहानमोठा पाहायचं नाही, एकमेकांच्या पाया पडायचं. कौतिक वाकला. लीलाधरही वाकला. मीही वाकलो. तिघं एकमेकांच्या पाया पडलो आणि बॉनेट उघडून पाहायचं राहून गेलं. ज्याच्या पायावर डोकं ठेवलं त्याची झडती कशी घ्यायची?

घरी पुष्पाबाईनं पहिलं तेच विचारलं. कौतिक म्हणाला, "माळकरी माणूस शे तो."

ती म्हणाली, "माळ त्यानी घालेल शे. गाडीनी नही."

मार्गशीर्षात दोघं धुळ्याला निघाले. मेघाला दिवस गेले होते. पुष्पाबाईनं डिंकाचे लाडू बांधून घेतले होते. आदल्या दिवशी कौतिकनं मेघाला फोनवर सांगितलं, काळजी करू नको बेटा, ब्रेक नवा टाकला आहे. दुपारी चारचा सुमार. पारोळ्याच्या पुढं एका पुलाआधी उतार लागतो. खाली रस्त्यातच कापसानं भरलेली ट्रॉली उभी होती, चाक निखळलेलं. कौतिकनं ब्रेक दाबला. पाय थेट तळाला गेला. परत दाबला, परत तळाला. त्यानं गाडी उजवीकडे ओढली. डाव्या बाजूला पुष्पाबाई होती.

ती रस्ताच पाहत होती, कौतिक मला पुढं सांगायचा. शेवटपर्यंत रस्ताच पाहत होती.

पोलिसांच्या कागदावर आलं, चालकाचा निष्काळजीपणा. कौतिकचा पाय मांडीत मोडलेला. धुळ्याच्या दवाखान्यात मेघा त्याच्या कॉटपाशी आली तेव्हा मी स्टुलावर बसलो होतो. पोर रडत नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "आप्पा, डोळे मिटले होते ना तुम्ही?"

"नही बेटा. ब्रेक लागना नही."

"नवा टाकला होता ना ब्रेक? तुम्हीच सांगितलं होतं."

बिल कौतिकच्याच खिशात होतं. त्या दिवसापासून मेघा माहेरी आली नाही. बाळ झालं, मुलगी झाली, असं आम्हाला तिसऱ्याकडून कळलं.

पाच महिन्यांनी कौतिक काठी टेकत चालायला लागला आणि आम्ही पोलीस ठाण्याच्या आवारात पडलेली जीप आणायला गेलो. पाचोऱ्याचा एक मेकॅनिक सोबत घेतला होता. चेपलेलं बॉनेट त्यानं पहारीनं उचकटलं, फडक्यानं धूळ पुसली, आणि थांबला.

"नाना, बिलात मास्टर सिलिंडर नवा लिहिलाय म्हणता?"

"हा," कौतिक म्हणाला.

"मग हा कोणता? हा तर गाडीसोबतचा आहे. आतलं रबर झिजून गेलंय पार, नुसतं तेल बदललं की महिनाभर ब्रेक बरा वाटतो. अन् हे काय लाल लागलंय?"

मी वाकून पाहिलं. चार बोटाच्या, मधली अंगठ्याची. इंजिनाच्या धगीनं शेंदूर काळवंडला होता, पण टिकल्या जागच्या जागी होत्या. दसऱ्याला ज्या लोखंडावर तिनं बोटं टेकली तेच लोखंड दिवाळीनंतर 'नवीन' म्हणून परत आलं होतं. कौतिक तिथं धुळीत बसला. काठी बाजूला पडली. कितीतरी वेळ त्यानं त्या लोखंडाला हात लावला नाही. मग टोपी काढली आणि त्याच्यापुढं डोकं टेकवलं.

जळगावला मिश्रीलालशेठचं कापडाचं दुकान आहे, सप्ताहाचे झेंडे आम्ही तिथूनच नेतो. त्यांची मुलगी रूपल ग्राहकांच्या तक्रारींत लोकांना मदत करते असं ऐकून आम्ही तिच्याकडे गेलो. पोरगी लाख बोलकी. तिनं सिलिंडर हातात घेतला, बिल पाहिलं, आणि कपाळावर हात मारला.

"काका, काम देताना लेखी अंदाज घेतला होता? कामाचा कागद? काहीच नाही? आणि जुना पार्ट मागून परत सोडून दिला? अहो, पैसे तुम्ही मोजले, काढलेली वस्तू तुमचीच. ती मागायला लाजायचं कशाला!"

"माळकरी व्हता वो बेटा," कौतिक म्हणाला.

रूपल जैनांची, व्रत घेतलेल्या माणसाचा मान काय असतो ते तिला पटकन समजलं असावं. मग हळू आवाजात तिनं सगळं उलगडून सांगितलं. न केलेलं काम केलं म्हणून बिल लावणं ही सेवेतली त्रुटी. आधी गॅरेजवाल्याला लेखी नोटीस. मग आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार. दोन वर्षांच्या आत. वकील केलाच पाहिजे असं नाही, स्वतः उभं राहता येतं. "भरपाई किती मागायची?" तिनं विचारलं.

"भरपाई नको. कागद पाहिजे. ब्रेक बदलेलच नव्हता, असा शिक्क्याचा कागद. मेघाले देवाना शे."

"आकडा तर लिहावा लागतो, काका."

"मग तू लिही. माले वाचाडू नको."

लीलाधरचं उत्तर आलं वकिलाकडून. सिलिंडर नवाच टाकला होता, तक्रारदारानं कुठूनतरी जुना आणून त्याला नंतर शेंदूर फासला. म्हणजे आता त्या टिकल्या कुणाच्या, हे सांगणारं एकच माणूस उरलं होतं, दसऱ्याला वाटी धरणारं. रूपलनं मेघाला धुळ्याला फोन केला. एकदा नाही, चार-पाच वेळा. शेवटी मेघा म्हणाली, "मी वस्तू डोळ्यांनी पाहीन. आईची खूण असली तर आयोगापुढं शपथेवर सांगेन. नसली तर तेही सांगेन."

कौतिकला हे कळलं तेव्हा तो गिरणीत माझ्याकडे आला आणि पिठाच्या पोत्यावर बसून लहान पोरासारखा हसला. "येवाले तयार शे, रुपचंद. देखाले तयार शे."

तारखा पडत गेल्या. कधी समोरच्या वकिलानं पुढची मागितली. दोनदा कौतिकच गैरहजर राहिला, कारण मांडीतली सळई काढायला परत दवाखान्यात होता आणि कळवायचं राहून गेलं. आयोगानं शेवटची संधी म्हणून लिहिलं आणि तारीख दिली. ती आली नेमकी आमच्या गावच्या नामसप्ताहात, पाचव्या दिवशी. पुष्पाबाईला जाऊन तोवर दोन वर्षं उलटून गेली होती.

आता सप्ताहातला विणेचा पहारा तुम्हाला सांगायला नको, पण नव्या पोरांसाठी सांगतो. सात दिवस, सात रात्री वीणा खाली ठेवायची नसते. देवापुढं एकानं उभं राहून नाम घ्यायचं, त्याची पाळी संपली की दुसऱ्यानं त्याच्या पाया पडून ती आपल्या गळ्यात घ्यायची. नाम तुटू द्यायचं नाही. त्या दिवशी सहा ते आठ कौतिकचा पहारा. आठ ते दहा माझा. पावणेनऊला पाचोऱ्याहून जळगावची गाडी. अकराला आयोग. सगळं नीट बसत होतं. आदल्या दिवशी कौतिक म्हणाला, "मनी पाळी कोनले देऊ नको, पुष्पानं नाव लिसनी उभा ऱ्हासू. तू फक्त आठले ये बरं. माले गाडी धरनी शे."

"अरे, साडेसातलाच येतो," मी म्हणालो. हे मी म्हणालो. माझ्याच तोंडानं.

आदल्या दिवशीचे कीर्तनकार बुवा माझ्या मळ्यात उतरले होते. सकाळी सहाला मी त्यांना दूध घेऊन गेलो. बुवा हरभऱ्याच्या बांधाशी ऊन खात बसले होते, मांडीवर एकतारी. एका जुन्या अभंगाला त्यांनी चाल लावली होती, अशी की धृपदावर येताना सूर जरा रेंगाळायचा आणि मग आईनं लेकराला कडेवर घ्यावं तसा उचलून घ्यायचा. मी म्हणालो, बुवा, परत एकदा. ते गायले. मी म्हणालो, तेवढं चौथं चरण परत. फोन घरातल्या खुंटीवर, सदऱ्याच्या खिशात, कीर्तनापासून मुका केलेला. मध्ये बुवांनी विचारलंसुद्धा, "रुपचंदभाऊ, तुमचा पहारा आहे ना?" मी म्हणालो, "वेळ आहे, बुवा." डोळे मिटलेले होते माझे.

डोळे उघडले ते ताईबाईच्या हाकेनं. ताईबाई आमच्या गावातली सगळ्यांत म्हातारी, ऐंशीच्या पुढची. बांधावर काठीला लटकून उभी होती, अनवाणी, छाती लोहाराच्या भात्यासारखी. गावातून मळा दीड किलोमीटर.

"रुपचंद! मेल्या, दहा वाजाले उनात! कौतिक अजून उभा शे!"

मी सायकलवर टांग मारली. गावात माणूस नव्हतं. कापसाची वेचणी जोरात, सकाळी सगळं गाव शेतात. पारायणाला लोक दुपारी बसायचे. सकाळपासून मांडवात कौतिकसोबत ताईबाई एकटीच होती. तिनं आठला वाट पाहिली, साडेआठला पाहिली, मग पदर खोचून पुढं झाली होती, "दे रे भाऊ, मी धरस. मना हात काय मोडेल शेतस का?" कौतिकनं मान हलवली. आमच्या गावात बाईच्या गळ्यात वीणा देत नाहीत. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणाला ठाऊक नाही. देत नाहीत. मग ती काठी घेऊन मला शोधायला निघाली.

मी मांडवात शिरलो तेव्हा कौतिक ताठ उभा होता. सळई काढलेल्या पायाला कापरं भरलं होतं. घोगऱ्या आवाजात नाम चाललं होतं, तुटलेलं नव्हतं. समोर खांबाला कापडी पिशवी टांगलेली, तिच्यात सिलिंडर. त्यानं वीणा उतरवून माझ्या गळ्यात घातली. त्याच्या पाया पडणं माझं काम. पण मी वाकायच्या आत तोच वाकला, दुखऱ्या पायानं, आणि त्यानं माझ्या पायांना हात लावला. "राम कृष्ण हरी," म्हणाला. पिशवी काढली आणि लंगडत पळाला.

आणि मी? मला त्याच्यामागं जाता येईना. माझ्या गळ्यात वीणा होती.

जळगावात काय झालं ते रूपलनं सांगितलं. मेघा पहाटेच्या बसनं धुळ्याहून निघून साडेनऊलाच पोचली होती, कडेवर दीड वर्षाची पोर. अकराला पुकारा झाला. कौतिक नाही. रूपलनं त्याचा फोन लावला. तो पिशवीत, बंद. पहाऱ्याला उभं राहताना आम्ही फोन बंद करतो, आणि घाईत तो चालू करायचं राहून गेलं होतं. तिनं पाचोऱ्याच्या ओळखीतून विचारलं, तेव्हा कळलं, कौतिक दहापर्यंत मांडवात विणेला उभा होता. बाराला दुसरा पुकारा झाला. रूपलनं उठून हात जोडले, ते रस्त्यात असतील म्हणाली. पण तिच्या नावाचं अधिकारपत्र नव्हतं, आधीच्या दोन गैरहजेऱ्या कागदावर होत्या, समोरचा वकील उभा होता. तक्रारदार गैरहजर, तक्रार खारीज. त्यात आयोगाची चूक मी म्हणणार नाही. त्यांच्यापुढं रिकामी जागा होती.

मेघा उठली. रूपलला म्हणाली, "ताई, मला वाटलं होतं ब्रेकचं खरं असेल. अजूनही असेल. पण वीणा खाली ठेवता आली नाही ना त्यांना? आमच्या घरात देवापुढं आम्ही नेहमी दुसऱ्या नंबरला."

कौतिक एकच्या सुमारास पोचला. निकाल ऐकला, आणि तडक बसस्टँडवर गेला. धुळ्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या एकेका बसच्या खिडक्यांत डोकावत फिरला. लोकांनी विचारलं, बाबा, काय हरवलं? त्यानं पिशवी छातीशी धरली होती.

संध्याकाळी कीर्तनाला तो मांडवात आला आणि नेहमीच्या जागी टाळ घेऊन उभा राहिला. माझ्या शेजारी. माझ्या टाळाचा ठेका चुकत होता. त्यानं कोपरानं मला हलकेच ढोसलं, ताल दाखवला.

रूपलचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. नव्यानं तक्रार करायची मुदत संपली होती, पण वरच्या आयोगाकडे अपील करता येतं, पंचेचाळीस दिवसांत. उशीर का झाला याचं कारण शपथेवर द्यायचं. "रुपचंदकाका, तुमचं शपथपत्र लागेल. आठला येतो म्हणालात आणि दहाला आलात, एवढं लिहून द्या." मी त्याच दिवशी पाचोऱ्याला जाऊन शिक्का मारून आणलं. कौतिकपुढं ठेवलं, म्हटलं, फक्त सही कर.

त्यानं वाचलं. घडी घातली. माझ्या सदऱ्याच्या खिशात परत कोंबलं.

"नको."

"अरे, चूक माझी आहे! लिहिलंय ना मी!"

"तेच त नको. तुनं नाव कोर्टाना कागदवर? देवानी वीणा कोर्टाना कागदवर? मी काय तिना सौदा करू का?"

मी पाया पडलो, रडलो, शिव्या दिल्या. रोज जायचो. तो रोज चहा द्यायचा आणि नको म्हणायचा. चाळीस दिवस गेले. एक्केचाळिसाव्या दिवशी तो शेतात असताना मी त्याच्या देवघरातून पिशवी उचलली. होय, चोरली म्हणा. पारोळ्यावरून धुळ्याची बस धरली.

मेघाचं घर देवपुरात, दुसऱ्या मजल्यावर. तिनं दार उघडलं, मला पाहिलं, आत घेतलं. पाणी दिलं. मी बसलोच नाही. म्हटलं, "पोरी, तो उशिरा आला नाही. उशिरा मी आलो. मी मळ्यात चाल ऐकत बसलो होतो. हे शपथपत्र वाच."

तिनं वाचलं. "कळलं काका. तुम्ही उशिरा आलात." मग म्हणाली, "पण खाली ठेवली नाही ना त्यांनी?"

त्यानंतर कितीतरी थोर बुवांच्या पुढं बसलो, पण हा प्रश्न कुणाला विचारायचं धाडस झालं नाही.

मी पिशवी उघडली आणि सिलिंडर जमिनीवर ठेवला. मेघा खाली बसली. तिची पोर दुडुदुडु आली, ती तिनं एका हातानं मागं सारली. मग तिनं आपली तर्जनी एका टिकलीवर ठेवली. दुसरीवर. तिसरीवर. चौथीवर. आणि अंगठा मधल्या टिकलीवर. बसला तो, अचूक. माय-लेकींचे हात सारखेच होते.

"मधला मालक," ती म्हणाली, आणि फुटली. दवाखान्यात न रडलेलं सगळं तिथं रडली. "म्हणजे आप्पांचे डोळे उघडे होते, काका."

"उघडे होते, बाई. पाय तळाला गेला होता."

मी म्हटलं, चार दिवस उरलेत. चल, तू सांगितलंस तर तो सही करील. तिनं मान हलवली. सिलिंडर उचलला, पदरानं पुसला, पण टिकल्यांना पदर लागू दिला नाही. "हा माझ्याकडे राहू द्या, काका. कोर्टात, कपाटात, वकिलांच्या हातात नको. आईचं दुसरं काही माझ्यापाशी नाही. बोटं तरी राहतील."

पुरावा होता तो. चार दिवस उरले होते. पण लेकीच्या हातातून आईची बोटं ओढून घ्यायला माझे हात झाले नाहीत. येताना विचारलं, आप्पाला काय सांगू? ती दाराला टेकून उभी होती. म्हणाली, "ब्रेकचं मला पटलं, म्हणावं. बाकीचं अजून नाही पटत."

गावात आलो. कौतिक देवघरातल्या पिशवीच्या रिकाम्या जागेपुढं बसला होता. मी सगळं सांगितलं, चोरीसकट. वाटलं, आता तरी काठी उगारेल. तो ऐकत राहिला. तिनं पाचही टिकल्यांवर बोटं ठेवली हे सांगितलं तेव्हा त्याचे ओठ हलले.

"जिले दाखाडनं व्हतं, तिनी देखं," तो म्हणाला. "आते कागद नको."

पंचेचाळिसावा दिवस आला आणि गेला. लीलाधरचं गॅरेज चालू आहे. माळ त्याच्या गळ्यात आहे. सप्ताहाची पंगत मात्र आम्ही त्याच्याकडून घेत नाही; कौतिकनं कुणाला काही सांगितलं नाही, मीच पंचांत उभं राहून सांगितलं, बिलासकट. आणि आणखी एक. पुढच्या सप्ताहाला माझ्या पाळीत ताईबाई मांडवात आली, तेव्हा मी वीणा तिच्या गळ्यात घातली. चार लोक कुरकुरले. म्हातारी दोन तास हलली नाही.

गेल्या दसऱ्याला मी कौतिककडे पानं द्यायला गेलो. दारात आता गाडी नाही. ओट्यावर त्याचा फोन वाजला. धुळ्याचा नंबर. त्यानं कानाला लावला, दोन्ही हातांनी. पलीकडून मेघा एकच वाक्य बोलली, मला ऐकू आलं. "स्कुटीला शेंदूर लावला. पाच." आणि फोन ठेवला. कसे आहात, विचारलं नाही. येते, म्हणाली नाही. कौतिक फोन कानाशी तसाच धरून बसला, जणू पाचवा शब्द येणार होता.

झालं. एवढंच सांगायचं होतं. तुमच्यातल्या कितीकांच्या दारात गाड्या आहेत. उद्या कुणी गॅरेजवाला हसून म्हणेल, विश्वास नाही का. कुणी माळ दाखवील, कुणी टिळा. पाया पडा त्याच्या, खुशाल पडा. पण काढलेलं लोखंड हातात मागा, आणि बॉनेट उघडून पाहा. आणि ते मागताना लाज वाटली, तर आमच्या पुष्पाबाईला आठवा. रस्ता ती पाहत होती. तिला विसरू नका.